बोटं दिसेपर्यंत

शुक्रवार, ५ डिसेंबर

साखर १४८.

ही वही हिनाने दिली. रोज सकाळी साखर मोजायची, आकडा लिहायचा, खाली जागा उरली तर काय खाल्लं ते लिहायचं, असं तिचं फर्मान. सून नर्स आहे, घरातसुद्धा वॉर्ड चालवते. मी हर्णैच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. माझं अक्षर वाचायचं तर वाचणाऱ्याने आधी डोळे तपासून घ्यावेत.

काल कुवेतला पोचले. मुलगा अशरफ गाडी घेऊन आला होता. त्याला पोट सुटलंय, तिथल्या तिथे सांगून टाकलं. घर जहरा गावात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. मी सोबत सोडे, सुका बांगडा आणि कोकमं आणली. शेजारच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाईला वास जाईल म्हणून हिनाने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, आणि मग तीच दोनदा भात घेऊन बसली.

अफ्रीन सहा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं बरं चालतं. तिच्या खोलीत माझा पलंग. रात्री येऊन माझ्या पायात पाय अडकवून झोपली. दादीचे पाय गरम असतात म्हणे. मला झोप चांगली लागली.

मंगळवार, ९ डिसेंबर

साखर १३९.

अशरफच्या दुकानात वाळवंटात जाणाऱ्यांचं सामान मिळतं. तंबू, शेगड्या, आणि बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणी. आज तीन दुर्बिणी घरी आणून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. कालवण ठेवायला जागा नाही.

या दुर्बिणींना उजेड लागत नाही. त्यांना ऊब दिसते. गरम ते पांढरं, थंड ते काळं. मी अफ्रीनकडे बघितलं तर पोर पांढरीफटक, नाकाचा शेंडा तेवढा करडा. भिंतीवर हात टेकून काढला, तर मागे हाताचा पांढरा छाप राहिला आणि हळूहळू विरला. करमणूक आहे.

छोटीत लांबचा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. मधली जरा बरी, आणि अंतर मोजायचं यंत्र तिच्या पोटातच आहे. बटण दाबलं की किती मीटर तो आकडा कोपऱ्यात येतो. मोठीत माणसाचे कान दिसतात, हाताची बोटं वेगळी दिसतात, पण अंतराचं यंत्र दुसऱ्या हातात धरावं लागतं. गिऱ्हाईक एक मज्रेवाला आहे. मज्रा म्हणजे शेत, इथे वाळूतसुद्धा शेत करतात. भटकी कुत्री त्याची मेंढरं फाडतात. त्याला झटपट काम हवं, म्हणून मधली. गेल्या थंडीत अशरफनेच त्याला छोटी दिली होती, ती त्याने परत केली. का, विचारलं. चित्र बरोबर नव्हतं म्हणाला. मग बराच वेळ एकच काच पुसत बसला.

मी म्हटलं, बोटं दिसतात ती दे. तर म्हणतो, अम्मी, कुत्र्याची बोटं कोण बघतंय?

शुक्रवार, १२ डिसेंबर

साखर १५१. काल रात्री शिरा खाल्ला, लपवत नाही.

दुर्बिणी तपासायला अंधारात एक गरम जीव उभा करावा लागतो. हिनाची ड्यूटी होती, अफ्रीन मिसरी बाईकडे, रिकामी मीच. जहऱ्याच्या पुढे वाळूत गाडी थांबवली आणि अशरफने मला तीनशे मीटरवर नेऊन खुर्ची दिली. अंगावर फर्वा घातला, म्हणजे मेंढीच्या कातड्याचा जाड कोट. मला खुर्चीत थंडी लागते. मी खाली उतरून उकिडवी बसले. सत्तर वर्षं मासळी साफ केली ती अशीच बसून.

फोनवर अशरफ हसत होता. फर्व्यातून ऊब बाहेर येत नाही, नुसतं तोंड दिसतं, ते पण जमिनीपासून हातभर वर. अम्मी, तू अगदी कुत्रं दिसतेस, म्हणाला.  मग विचारलं की तुझ्या मागे कोण बसलंय.

मागे वाळू होती. दुसरं काही नव्हतं.

त्याने आकडे वाचले. मी तीनशेवर, ते तीनशे ऐंशीवर. तेही तसंच बसलेलं, पण काळं.

घरी आल्यावर डावी टाच बधिर वाटली. हिना म्हणाली, साखरेने होतं.

रविवार, १४ डिसेंबर

साखर १४४.

अशरफ म्हणतो, दगड असेल. मला खुळी समजतो. दिवसभर तापलेला दगड रात्री पांढरा दिसतो, हे त्याच्याच दुर्बिणीतून समोरची भिंत बघून मला कळलंय. ते वाळूपेक्षा थंड होतं. वाळूपेक्षा थंड तिथे काय बसणार?

टाच तशीच. टाचणी टोचून बघितली. रक्त आलं, कळलं नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

साखर १६०.

पुन्हा गेलो. मला जायचं नव्हतं, पण अशरफ एकटा जायला तयार नव्हता. चाळिशीचा बाप्या.

मी तीनशेवर, ते तीनशे दहावर. आकडा त्याने दोनदा वाचला. मी म्हटलं, ऊठ तिथून, तू इथे बस, मी बघते.

मी बघितलं. अशरफ खुर्चीत, पांढरा, तीनशे. त्याच्या मागे काही नाही, पुढे काही नाही. बरं वाटलं. मग दुर्बीण खाली घेताना माझ्या डाव्या बाजूला फिरली. काचभर काळं. गुडघे, गुडघ्यांवर हात, अंगावर फर्वा. बटण दाबलं. आकडा आला नाही, नुसत्या दोन रेघा. अशरफने मागे सांगितलं होतं, फार जवळचं असलं की यंत्र मोजत नाही.

डोळा काढून बघितलं. कुणी नव्हतं. गुडघ्यापर्यंत पाय माझा नव्हता.

भीती वाटली का, तर नाही. दात उपटताना डॉक्टर सुई मारतो, तसं झालंय सगळं.

शनिवार, २० डिसेंबर

साखर मोजली नाही.

अशरफ बोलला. गाडीत बसून, स्टिअरिंगकडे बघत.

गेल्या थंडीत मज्रेवाल्याने त्याला पहिल्या रात्री सोबत नेलं होतं, दुर्बीण बसवून द्यायला. मालकाच्या हातात बंदूक, अशरफच्या डोळ्याला दुसरी दुर्बीण. लांब एक बुटका पांढरा ठिपका दिसला. मालकाने विचारलं काय आहे. अशरफने आधी अंतर सांगितलं, मग म्हणाला, कुत्रा. मालकाने गोळी झाडली.

तो यूसुफ होता. सुदानचा, मालकाचा मेंढपाळ. फर्वा घालून उकिडवा बसला होता, मेंढरं राखत. कागदावर गाडीने उडवला असं लिहिलं. खाली साक्षीदार म्हणून अशरफची सही.

मी म्हटलं, जा आणि खरं सांग. तर म्हणे अफ्रीनची शाळा, हिनाची नोकरी, आणि तुरुंग. हुंदके द्यायला लागला. मी काच खाली करून बाहेर बघत बसले. पोटचा आहे, पण तोंडात मारावीशी वाटली, आणि हात उचलला गेला नाही. डावा हात होता, तोही बधिर झालाय.

सोमवार, २२ डिसेंबर

अफ्रीन घरात छोटी दुर्बीण घेऊन खेळत होती. मला बघून म्हणाली, दादी, युअर लेग इज ब्लॅक. मग खोलीच्या कोपऱ्याकडे वळून विचारलं, हू इज दिस अंकल? व्हाय इज ही सिटिंग लाइक दॅट?

दुर्बीण हिसकावून कपाटात टाकली. कोपऱ्यात बघितलं नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

पोरीच्या पायाची बोटं थंडगार. रात्री माझ्या पायात पाय अडकवते, तिथूनच. मी पलंग बदलला, सोफ्यावर गेले, तर पोर मागून आली. हिनाने दवाखान्यात नेलं. रक्त चांगलं, सगळं चांगलं. आज चालताना पडली. रडली नाही. पाय लागला ते कळलंच नाही तिला.

हिना दोन मोजे चढवते. काय उपयोग.

गुरुवार, २५ डिसेंबर

विचार केला. यूसुफला माझ्या नातीचं काही नको. ऊब पण नको. माझ्याशेजारी इतके दिवस बसलाय, गळा धरायचा तर धरला असता. त्याला अशरफच्या तोंडून एक शब्द हवाय, कुत्र्याच्या जागी माणूस. तो दिला नाही म्हणून एकेकीचं अंग विझवतोय.

उद्या मज्र्यावर मधली दुर्बीण द्यायची आहे. अशरफ जाणार. मी म्हटलं, मी पण येते, गाडीत बसेन, तुला सोबत. जाताना एवढंच सांगेन की बोटं दिसेपर्यंत अंतर सांगू नको. जास्त नाही. अंधारात उकिडवी बसलेली मीच आहे हे कळलं तर आई म्हणून बोलेल. ते चालणार नाही. न कळता म्हटलं पाहिजे.

शुक्रवार, २६

अफ्रीनचा गुडघा पण.

निघताना पापा घेतला. गाल गरम आहे अजून.

रात्र

गाडीतून उतरले. अशरफ मालकाबरोबर पुढे गेला, त्याने मागे बघितलं नाही. डावा पाय ओढत कुंपणापर्यंत आले. मेंढरं आहेत. यूसुफ बसायचा ती जागा विचारायला लागली नाही. तो आधीच—

फर्वा. उकिडवी. शेजारी तो. आता दुर्बीण लागत नाही बघायला.

अर्धा चांद आहे, तेवढ्यावर लिहिते. आडवंतिडवं होतंय. मानेपर्यंत काही कळत नाही. तोंड आणि हा लिहिता हात, एवढंच माझं राहिलं. दुर्बिणीत एवढंच दिसत असणार. जमिनीपासून हातभर.

वारा नाही. त्यांचं बोलणं ऐकू येतं.

मालकाने बंदूक टेकवली. शिनू हाज़ा, विचारतो. काय आहे ते—

अशरफने दुसरी दुर्बीण डोळ्याला लावली.

परत विचारलं. चढ्या आवाजात.

बटणाचा टिक. आकडा आला असेल.

आकडा सांगू नको. मेल्या, आधी बघ. नीट बघ—

यूसुफने मान वळवली. तो पण तिकडेच—

अशरफने श्वास घेतला. इथपर्यंत ऐकू—

बोटं दाखवायला हवीत. डावा उठत नाही. हाच एक हात. पेन ठेवून वर