सीताफळीला दिलेलं आवतन

अहो,
मी लेकरं घेऊन नरसीला, माहेरी चालले.

मोरी गाईच्या जखमेत किडे पडले, म्हणून काल सांजच्याला बांधावरल्या सीताफळीला हळदकुंकू वाहून पाल्यासाठी आवतन दिलं. मामंजी सोताचं नाव घेऊन म्हणायचे, तेच मी सवयीनं बोलून गेले : "उद्या संतराम येईल, त्याला पाला दे." ते जाऊन वर्ष झालं, हे मागून ध्यानात आलं.

सकाळी पाहते तर डहाळी मोडलेली, अन् मोरीच्या जखमेवर वाटलेला पाला बराबर लावलेला. तुमी तर हिंगोलीत होता.

आवतन परत घ्यायचे बोल मामंजी तुमाला शिकवत होते, तुमी हसण्यावारी नेलं. आता त्यांनाच इचारा. भाकरी दोघांपुरती करून ठेवली हाये.

— कांता