पुढाऱ्यांच्या पुस्तकांची पुढची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, कायदेमंडळाची निवृत्त लघुलेखिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिवाला घोर लागला आहे खरा, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही, असे वकील म्हणतात.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. स्वयंपाकघरातले सगळे सूनबाईंना; तसेही तिथे माझे आता काही चालत नाही. टंकलेखन यंत्र धाकट्या भावाला द्यावे. त्याने ते एकदा न विचारता नेले आणि मोडून आणले. आता विचारायची गरजच उरणार नाही.

२. काचेच्या कपाटातली पुस्तके एकेकाळी राज्य चालवणाऱ्या माणसांची आहेत. त्यांतल्या सह्या, रेघा, समासातले शेरे त्यांच्या हातचे आहेत. एका अर्थमंत्र्यांनी अर्थशास्त्राच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिले होते, 'हे मला जमले नाही.' त्यांची सभागृहातली भाषणे मीच टिपून घेत असे. हे वाक्य तिथे कधी कानावर आले नाही.

मागच्या आठवड्यात सूनबाईंनी ते खोडरबराने पुसले. "आई, बघा, पान कसं स्वच्छ झालं," म्हणाली. पोरीने मायेने केले, तिला काय बोलणार? मी 'छान' म्हणाले.

३. ही पुस्तके मला कशी मिळाली, ते मुलाने नीट वाचावे. पुढारी गेला की मी त्याच्या घरी दुखवट्याला जायची. "बाबांच्या पुस्तकांना हात लावू देणार नाही," असे घरोघरचे मुलगे सांगत आणि थोड्याच दिवसांत रद्दीवाल्याला बोलावत. मग मी ती रद्दीवाल्याकडून विकत घेई. माझा मुलगाही "आई, तू काळजी करू नकोस" म्हणतो. तेव्हापासून जास्तच काळजी वाटते.

४. अशा प्रत्येक घरी एक गृहस्थ पुस्तकांसाठी पिशवी घेऊन माझ्या आधीच येऊन बसलेले असत. त्यांना मी पिशवीवाले म्हणते. ते मला काय म्हणतात, ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखे नाही. एकदा एक माजी मुख्यमंत्री अत्यवस्थ असल्याचे कळले आणि आम्ही दोघेही धावलो. दार त्यांनी स्वतःच उघडले. "अजून आहे मी," ते म्हणाले, "पण आलाच आहात तर बसा." निघताना त्यांनी आपल्या खुणा असलेला दोन खंडांचा इतिहास काढला. पहिला खंड मला दिला, दुसरा पिशवीवाल्यांना. "आता भांडा," म्हणाले. आम्ही आजवर ते मनापासून पाळले.

५. ते वाक्य पुसले गेल्यावर सांगायचे कोणाला, हेच मला कळेना. शेवटी पिशवीवाल्यांनाच फोन केला. ते लगेच आले. पुस्तक खिडकीशी नेऊन पान उजेडात तिरपे धरले. पेन्सिल गेली होती, पण तिचा दाब कागदावर उरला होता. माझ्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. त्यांनी एकेक शब्द लावत वाचून दाखवले, "हे मला जमले नाही." मला रडू आले. त्यांनी पाणी आणून दिले, आणि त्या दिवशी कपाटाकडे एकदाही पाहिले नाही.

६. म्हणून सगळा संग्रह, पहिल्या खंडासह, मी पिशवीवाल्यांना देते. मी गेल्याचे कळताच ते येतील. मुलाने त्यांना ताटकळत ठेवू नये, किल्ली द्यावी.

७. पिशवीवाले माझ्याहून वयाने मोठे आहेत, त्यांना मूलबाळ नाही, आणि ते जिना चढताना थांबतात. त्यांच्यामागे या पुस्तकांचे काय होणार, ही काळजी मी पुस्तकांसोबत त्यांच्याच नावे करते. मी ती पुष्कळ वर्षे सांभाळली. मुलाने तिच्यात वाटा मागू नये.

ठिकाण: राहते घर, कपाटाची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे
सही: लघुलेखिका (लघुलिपीत नव्हे, पूर्ण अक्षरांत)

आमच्यासमोर वाचून सही केली:
साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे शिंपी