नानांचे भोंगे

प्रिय योगराज,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहितेय. कुरियर हर्षदाच्या हातात पडलं आणि तिने आधी वाचलं तरी माझी हरकत नाही. नवऱ्याची खरी ओळख बायकोला जितकी लवकर होईल तितकी बरी. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

नाना बरे आहेत. जेवतात, झोपतात, ओट्यावर बसून लिंबायतच्या रिक्षा बघतात. बोलत मात्र नाहीत. लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांचा जन्म गेला आणि अर्धे कान तिथेच राहिले, हे तुला नव्याने सांगायला नको. तरी मोठ्याने बोललं की त्यांना कळायचं. आणि रामदासकाकांनी बांधून दिलेल्या वॉल्वच्या ॲम्प्लिफायरवर आईची कॅसेट लावली, की सगळंच कळायचं. आई गेल्यापासून रोज दिवाबत्ती झाली की ते वॉल्व तापून लाल होईपर्यंत थांबायचे, मग आईच्या आवाजातली कानबाई देवीची गाणी लावायचे. एका गाण्यात आईला मध्येच खोकला येतो. तिथे नाना दरवेळी हसायचे.

ॲम्प्लिफायर तीन वॅटचा, म्हणजे जीव अगदीच लहान. पण त्याला जोडलेले, बंद पडलेल्या टॉकीजमधून आणलेले ते लाकडी भोंगे होते, म्हणून घर भरून जायचं. भोंग्याला नुसती फुंकर पुरते, हल्लीच्या छोट्या स्पीकरला मात्र धक्के मारून बोलवावं लागतं, त्याला पन्नास वॅट हवेत, हे रामदासकाकांशेजारी बसून तू शिकलास. मी तेव्हा आत भाकरी थापत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तुला ते पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीला आलास तेव्हा तुला एकाएकी आठवलं की भोंग्यांनी भिंत अडवलीय, त्यात उंदरं होतील, ताईला झाडायला त्रास होतो. माझ्या झाडण्याची काळजी तुला जन्मात पहिल्यांदा वाटली, आणि टेम्पो तर तू आधीच ठरवून आला होतास. बदल्यात दोन गोजिरवाणे छोटे स्पीकर ठेवलेस, नानांच्या पाया पडलास आणि पुण्याला गेलास. पोराने नवं आणलं म्हणून नाना गल्लीभर सांगत फिरले.

त्या संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली. स्वयंपाकघरात मला आईचा आवाज अगदी बारीक ऐकू आला. मला वाटलं, नव्या वस्तूला जपताहेत, आवाज कमी ठेवलाय. तिकडे नानांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं होतं. रोज असंच चाललं. मला वाटत राहिलं की त्यांनीच बारीक ठेवलाय, आणि त्यांना वाटलं की उरलेसुरले कानही गेले. आम्ही एकमेकांना विचारलं नाही. खात्यात जन्म काढलेल्या माणसाकडे बहिरेपण हा ठरलेला पाहुणा. तो आला म्हणून कुणी चौकशी करत नाही.

एक दिवस ॲम्प्लिफायरकडे बोट करून ते म्हणाले, मना कान गयात व माय, आते काय कामनं ते, योगराजले दी टाक. त्यानंतर मी घसा फोडून बोलले तरी ते हात हलवून नको म्हणायचे. ऐकायचा प्रयत्नच त्यांनी सोडून दिला. कानाचं मशीन लावायलाही तयार नाहीत. भागीरथी आत्या कडोदऱ्याहून खास भेटायला आली, तर तिच्यासमोर भिंतीकडे तोंड करून बसले. म्हातारी रडत परत गेली.

नाना ॲम्प्लिफायर देऊन टाकताहेत असा निरोप मी धाडला, तेव्हा मात्र तुझी मीटिंग नव्हती. लगेच फोन केलास, रविवारी न्यायला येतो म्हणालास. बांधून ठेवावा म्हणून मी तो पुढे ओढला आणि बटण बघितलं. शेवटच्या टोकाला होतं. कॅसेट लावली, स्पीकरला कान लावला, तरी आवाज बारीकच, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मग तू यूट्यूबवर टाकतोस ते व्हिडिओ शोधले. तुझ्या हॉलमध्ये आपले भोंगे, पॉलिश मारलेले, आणि मध्ये तू. हसत हसत सांगतोस की सुरतला एका बहिऱ्या म्हाताऱ्याकडे हे धूळ खात पडले होते, त्याला काय कळणार. पुढे शहाणपणही शिकवतोस, की तीन वॅटच्या ॲम्प्लिफायरला चुकूनही असले छोटे स्पीकर जोडू नका, चांगल्या कानाच्या माणसालाही धड ऐकू येणार नाही. हातात धरून दाखवलेला स्पीकर नानांकडे ठेवलास तोच. करून सवरून नामानिराळं राहणं तुला लहानपणापासून जमतं. या वेळी तेवढं तुझं तोंड आड आलं. मला तुझी किळस येते, योगराज.

आता पत्राचं कारण. मंडपवाल्या अक्षयकडून मी जुने भोंगे आणलेत. नाना दाढीला गेले होते तेव्हा जोडून पाहिले. आईचा खोकला स्वयंपाकघरापर्यंत आला. मग मी ते बंद केले आणि वर चादर टाकली. नानांना अजून काही सांगितलेलं नाही. रविवारपर्यंत ते बहिरेच राहतील. हे पाप माझं, आणि मला ते जड नाही. तू ये. वरण-बट्टी करते, वांग्याची भाजी करते, पोटभर जेव. जेवण झालं की नानांना खुर्चीत बसवीन, चादर काढीन आणि फोन ॲम्प्लिफायरला जोडून भोंग्यांवर तुझा व्हिडिओ लावीन. तू तो काढून टाकलास तरी माझ्या फोनमध्ये आहे, आणि तू आला नाहीस तरी मी लावणार आहे. इतक्या महिन्यांनी त्यांच्या कानावर स्पष्ट पडणारा पहिला आवाज तुझा असेल. आईची कॅसेट त्यानंतर, त्यांनी मागितली तर.

तुझीच,
धनश्रीताई