पिवळ्या माणसाचा शिधा

मु. कुरुंदा, चैत्र वद्य पंचमी, शके १८६१

तीर्थरूप किसनमामांच्या पायांवर भाचा उकंडराव डोके ठेवतो (सध्या लांबूनच, जवळ यावे की नाही ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा). आपला गुडघा, मामींचा दमा आणि बाळापूरच्या बाजारात घेतलेली मारकी म्हैस, तिघांची खुशाली कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, पण मला ते लिहवत नाही.

आमच्या हळदीच्या पेढीवर नवा मुनीम आला आहे, शंकरसिंग. आजवर त्याने कापसाच्या गठाणी मोजल्या, हळद फक्त वरणात पाहिलेली. मी अकरा वर्षे वाळकी हळद पिंपात घालून घोळतो. तिचा धुरळा नाकाकानात, नखांत, धोतरात बसतो (मंजुळा माझे कपडे वेगळे धुते, नाहीतर तिची लुगडी पिवळी होतात). तर या गृहस्थाने मागच्या सोमवारी मला दारातच अडवले आणि म्हणाला, “उकंडराव, तुमचे डोळे पिवळे दिसून राहिले. कावीळ हाय. घरी जा.” हळदीच्या कोठारातला माणूस पिवळा दिसणार नाही तर काय निळा दिसणार? पण मुनिमापुढे कोण बोलतो. मी घरी आलो.

आता मामा, थोरल्या मालकांपासूनची चाल तुम्हाला ठाऊक आहे. कामावरचा गडी आजारी पडला की तो उठून उभा राहीपर्यंत त्याच्या घरी ज्वारी-डाळीचा शिधा जायचा. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, आमचा हक्क आहे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी शिधा मागायला गेलो, तर शंकरसिंग म्हणाला, आजारी असल्याचा कागद आणा. तोवर मंजुळाने कावीळ उतरवणाऱ्या धुरपताबाईला बोलावले होते. तिने माझ्या हातांना चुना चोळून परातीत धुतले. पाणी पिवळे झाले तर कावीळ, असा तिचा हिशेब. पाणी झाले लालभडक. “ह्ये तर कुंकू झालं. कावीळ न्हाई, निस्ती हळद हाय,” असे म्हणून तिने नारळ मात्र उचलला.

मग मी पायी वसमत गाठले. इनायत हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, माझी पिवळी बोटे पाहून खूप हसले आणि कागदावर लिहून दिले की माणूस तंदुरुस्त आहे. तो कागद मी मोठ्या दिमाखाने मुनिमापुढे ठेवला. तो म्हणाला, “तंदुरुस्त हाव, मग शिधा काहून मागता?” मी म्हणालो, बरे, मग काम द्या. तर म्हणतो, “काम कसं देऊ? डोळे पिवळे हायेत.” म्हणजे कामापुरता मी आजारी आणि शिध्यापुरता धडधाकट. मामा, माझे डोके फिरायची वेळ आली आहे. आज आठ दिवस झाले, घरात ज्वारी चार दिवसांची उरली आहे आणि मंजुळा माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजाने बोलते.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीवरून हात. म्हशीपासून जपून राहावे.

आपला भाचा
उकंडराव

ता. क. पत्र लिहायचे खरे कारण राहिलेच. मालक आणि तुम्ही एका तालमीतले. त्यांना दोन ओळी लिहा की आमचा उकंडराव ठणठणीत आहे, मुनीम अडाणी आहे, कामावर घ्या.

आणखी एक ता. क. वरची ओळ खोडावी. आत्ता मंजुळाने मला अंगणात उन्हात उभे करून नीट पाहिले. आठ दिवस हळदीला हात लावलेला नाही. हात धुऊन धुऊन स्वच्छ झाले, नखेसुद्धा पांढरी दिसतात. डोळे मात्र सोमवारपेक्षा पिवळे आहेत. अन्न जात नाही हे मी तिला सांगितले नव्हते, तेही तिने ओळखले. हकीमसाहेबांचा कागद मी चुलीत घातला. तेव्हा मालकांना असे लिहा की उकंडराव खरोखर आजारी आहे, शिधा पाठवा. शिधा शंकरसिंगच्याच हातून सुटतो, म्हणून त्याला अडाणी म्हणू नका, इलाज नाही. आणि मामा, मला भीती वाटते. उत्तर लिहीत बसू नका, तुम्हीच या.