शेवटची सोळा पानं

३ नोव्हें., सोम.
वाचनालयातून नवी खेप आली. अकरा कादंबऱ्या, सगळ्या यंदाच्या. ग्रंथपाल मृणाल स्वतः स्कूटीवरून घेऊन आली. वय तिशीच्या आत, आवाज हेडमास्तरचा. पिशवी टेबलावर ठेवलीन आणि म्हणाली, काका, पंधरा दिवसांत बांधून हव्यात, लोक विचारतायत.
लोक मलाच विचारतायत. चाळीस वर्षं हाच रिवाज, पुस्तक आधी बाइंडरकडे, मग वाचकाकडे. रंगीत कव्हर निघतं, काळा पुठ्ठा चढतो, मग बाहेरून सगळी सारखीच. आत काय आहे ते फक्त मला ठाऊक. म्हणून पुस्तक बदलायला निघालेले आधी माझी पायरी चढतात.
पूर्वी फॉर्म सुटे करून शिवायचो. एक फॉर्म म्हणजे सोळा पानं. सुई घालता घालता इथलं एक पान वाच, तिथलं एक. शितावरून भात. आता सगळं डिंकाचं काम. शिवायला काही नाही, म्हणून चष्मा लावून सरळ पहिल्या पानापासून वाचतो.

६ नोव्हें., गुरु.
निळी, २४० पा. पोलिसी. खुनी मला साठाव्या पानावर कळला. वकीलसाहेबांना द्यावी. त्यांना शेवटपर्यंत कळत नाही आणि तेच त्यांना आवडतं. उ.
जाडी, ५१२. ऐतिहासिक. पहिली तलवार नव्वदाव्या पानाला उपसतात. आंबेवाल्या दळव्यांना चालायची नाही, ते विसाव्या पानाला पेंगतात.  उ.
हिरवी. भुताची. भूत बरं आहे, माणसं भंगार. नर्सबाईंना आवडेल, पण आत एक मूल आजारी पडतं, ते आधी सांगायला हवं. उ.
पांढरी, पातळ. मंगळावरची. तिथेही शेजारी पाण्यावरून भांडतात. वाचताना एकटाच हसत होतो, सौ. आतून बघून गेली. उ.
सफियाबाईंसाठी अजून काही नाही.

८ नोव्हें., शनि.
सफियाबाई आल्या. मूळच्या दाभोळच्या, शाळेत शिकवायला म्हणून रत्नागिरीत आल्या त्या इथल्याच झाल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण अजून पदर सारखा करून उभ्या राहिल्या की दुकानाचा वर्ग होतो.
नेहमीचा प्रश्न. "दत्ताभाऊ, उठते की बसते?"
एकतीस वर्षं हाच प्रश्न. माझ्या वहीत समासात म्हणूनच उ. आणि ब. शेवटाला लेखकानं सगळं निस्तरून दिलंन, माणसं आपापल्या वाटेला लागली, की उ. मधेच सोडलंन, की ब. बाईंना ब. लागते. म्हटलं, या खेपेत आत्तापर्यंत सगळ्या उठतायत. म्हणाल्या, मग थांबते.
चहा घेतला. लतीफभाईंची आठवण काढली, त्यांचे मिस्टर. मस्कतला असायचे. वारून तीन वर्षं झाली. म्हणाल्या, फोनवर भांडायचे ते बरं होतं, आता भांडण नाही तर फोन पण नको वाटतो.

११ नोव्हें., मंगळ.
पिशवीच्या तळाशी एक राहिली होती. काढली आणि नाव दोनदा वाचलं.
तीच. नवं कव्हर, नवा प्रकाशक, आत पानं जुन्याबरहुकूम, मागे छापलंय, अनेक वर्षांनी पुन्हा उपलब्ध. मला वाटलं होतं जगात तिची एकच प्रत उरलीय, ती बाईंच्या कपाटात. वाचनालयानं जुनी पुस्तकं रद्द केली तेव्हा बाई ती मागून घेऊन गेल्या होत्या.
शेवट काढून पाहिला. आहेत. सोळाच्या सोळा.

१२ नोव्हें., बुध.
काल लिहवेना. आज लिहितो.
एकतीस वर्षांपूर्वी मी छत्तिशीतला. हात वेगात, तोंड त्याहून वेगात. ती कादंबरी शिवली, पुठ्ठा चढवला, पाठवून दिली. आठवड्यानं पुस्तकं दाबायचा प्रेस पुसायला सरकवला तर खाली एक फॉर्म. तिचाच, शेवटचा. राहून गेलेला.
गोष्ट अशी. बाईचा नवरा दुसऱ्या बंदरावर, तिला बोलावतो. ती घर आवरून धक्क्यावर येऊन बसते. मी बांधलेल्या प्रतीतलं शेवटचं वाक्य: होडी किनाऱ्याला लागली, तरी ती उठली नाही. नेमकं पानाच्या तळाला, पूर्णविरामासकट. कुणाला शंका यायची?
राहिलेल्या फॉर्मची पहिली ओळ: मग उठली.
फॉर्म हातात घेऊन उभा होतो आणि बाई दुकानात आल्या. पुस्तक छातीशी. तेव्हा लतीफभाईंनी त्यांचे मस्कतचे कागद करून पाठवले होते, बाईंनी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता, हे सगळ्या आळीला माहीत. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तिला उठवलं नाही लेखकानं. मी पण नाही उठणार." राजीनामा फाडला म्हणाल्या. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर असं हसू की मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं.
मी फॉर्म कागदाखाली सरकवला.
बाई खूश होत्या म्हणून गप्प बसलो असं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. चूक कबूल करायची लाज वाटली, आणि वाचनालयाचं काम जाईल ही भीती. पुढे लतीफभाई दोन वर्षांतून एकदा यायचे, चाळीस दिवसांसाठी. प्रत्येक वेळी दुकानावरून जोडीनं जाताना दिसले की मी मान खाली घालून खळ ढवळायचो.

१५ नोव्हें., शनि.
मृणाल दहा पुस्तकं घेऊन गेली. अकरावं कुठाय, विचारलंन. म्हटलं, खळ ओली आहे. डिंकाच्या पुस्तकाला कसली खळ, म्हणाली. पोरगी हुशार आहे.
दुपारी सौ.ला सगळं सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. हात थांबले. म्हणाली, इतकी वर्षं गिळून बसलात? मी म्हटलं, झाकली मूठ. तर म्हणाली, मूठ तुमची, पण आत आहे ते बाईंचं.

१९ नोव्हें., बुध.
मनात वकिली चाललीय.
एक, माझ्या चुकीनं पुस्तक सुधारलं. हे मी कारागीर म्हणून नव्हे, वाचक म्हणून सांगतो. इतक्या कादंबऱ्या हाताखालून गेल्या, असा शेवट दुसरा नाही.
दोन, बाईंनी शाळा सांभाळली. दोन पिढ्यांना बाराखडी दिली. मस्कतला जाऊन काय केलं असतं?
तीन, हे ठरवणारा मी कोण.
तिसऱ्यापाशी अडतो.

२२ नोव्हें., शनि.
बाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत तेच पुस्तक. पुण्याहून भाच्यानं पाठवलंन, मामीचं आवडतं पुस्तक पुन्हा निघालं म्हणून.
मी उठून उभा राहिलो. त्या बसल्या. म्हणाल्या, मी धक्क्यापर्यंत वाचत आले. होडी लागली. ती उठली नाही. पान उलटायला गेले तर बोटाला पुढची पानं लागली. मिटलं.
आता सांगायला काही उरलंच नव्हतं. ड्रॉवर उघडला आणि फॉर्म काढून समोर ठेवला. पिवळा पडलाय, कडा कुरतडल्यात. म्हटलं, माझ्याकडून राहिला होता बाई. शिवायचा राहिला. तुम्ही आलात तेव्हा माझ्या हातातच होता.
"तेव्हापासून?"
"तेव्हापासून."
फॉर्मला हात लावला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सौ.नं चहा आणून ठेवला, तो शांतपणे संपवला. बशी पुसून ठेवली. मी माफी मागत होतो, डोळे भरून आले होते. या वयात लाजच वाटली, पण आले.
मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं तुम्ही सांगाल ते वाचत आले. ही पानं तुम्ही वाचलीयत. उठते का, ते सांगू नका. वाचू की नको, एवढंच सांगा."
मी फॉर्मच्या कडा सारख्या करत राहिलो. म्हणाल्या, सोमवारी येते. नवं पुस्तक टेबलावर ठेवून गेल्या.

२३ नोव्हें., रवि.
ती सोळा पानं पुन्हा वाचली. उठते, होडीत बसते, तिकडे जाते. खोली लहान. नवऱ्याशी भांडते. रांधते. पाऊस आत येतो म्हणून दोघं मिळून छपराला गोणपाट लावतात. शेवटी कसल्याशा फालतू गोष्टीवर दोघं हसतात. संपलं.
साधी पानं आहेत. तीच तर पंचाईत. तिकडे ती बुडाली असती, पस्तावली असती, तर बाईंना खुशाल म्हटलं असतं, वाचा, तुमचंच बरोबर होतं. पण हे दोघं नुसते एका खोलीत राहतात.
सौ. म्हणाली, बाईंनी शेवट विचारलाच नाही, तुमचं मत विचारलंय. मग द्या ना. दुसऱ्यांना देताना कधी अडला नाहीत.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी लवकर दुकान उघडलं. वकीलसाहेब येऊन गेले, निळी आवडली, खुनी शेवटपर्यंत कळला नाही म्हणाले. मृणालचा निरोप, अकरावं आजच हवं. नर्सबाईंना हिरवी सांगितली, मुलाचं पण सांगितलं. सगळ्यांना भराभर सांगत गेलो.
नंतर वही काढली. पुस्तकाचं नाव लिहिलं, पानं लिहिली. समास कोरा आहे.
जुना फॉर्म आणि बाईंचं नवं पुस्तक शेजारी ठेवलंय. सुईत दोरा ओवून ठेवलाय, का ते माहीत नाही. सवय.
बाई समोरच्या मेडिकलपाशी थांबल्यात. रिक्षा जाऊ देतायत. जुनी प्रत पण आणलीय, काळा पुठ्ठा इथून ओळखतो.
पायरी चढल्या.