फ्रेहा बटणवालीची शेवटची वाटणी

मी, फ्रेहा, कै. मिमून बेन अत्तार यांची मुलगी, वय सत्तरच्या आसपास, धंदा जेलाबा या लांब अंगरख्याची रेशमी बटणे करणे, राहणार सेफ्रू, मोरोक्को, ज्यू मोहल्ला, ओव्हनच्या बोळातले घर, वरचा मजला, असे लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही. मला लिहिता येत नाही म्हणून रब्बी नसीम लिहीत आहेत. मी सांगेन तेवढेच लिहायचे, स्वतःची भर घालायची नाही, असे त्यांनी कबूल केले आहे.

एक. वरच्या दोन्ही खोल्या मी माझ्या सुईवर घेतल्या आहेत. त्यात नवऱ्याचा, बापाचा, भावाचा काही संबंध नाही. इस्राएलात अश्दोदला राहणारा माझा भाचा आर्मांद पत्रात विचारतो, "मावशी, घराचं काय ठरवलंस?" तब्येतीचे विचारतो ते त्याखालच्या ओळीत. तर आर्मांद, ठरवले ते असे. माझ्यामागे या खोल्यांत अमराम हाकोहेन यांनी जिवंत असेपर्यंत राहावे. ते अंगणापलीकडे खालच्या खोलीत राहतात, चपला शिवतात, आणि तिथल्या ओलीने त्यांना बारा महिने खोकला असतो. त्यांच्यानंतर खोल्या माझ्याकडे काम शिकलेल्या फातना बिंत लाहसेन हिच्या.

दोन. सुया, रेशमाच्या लड्या, पितळी कंगवा आणि खिडकीजवळचे बैठे स्टूल फातनाचे. ती मुसलमान आहे, मला माहीत आहे. बारा वर्षे ती माझ्याशेजारी बसते आहे. मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, "फ्रेहा, आपला हुन्नर बाहेर देतेस?" मी म्हटले, "तुमच्या मुली पॅरिसला गेल्या, तुम्ही हैफाला निघालात. मग मी शिकवू कुणाला, मांजराला?" आज फातनाचे बटण आणि माझे बटण शेजारी ठेवले तर मलासुद्धा ओळखू येत नाही. फक्त गाठ मारताना ती जीभ बाहेर काढते. ते सोडायला सांगा.

तीन. शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या जेवणाचे, मोठे तांब्याचे भांडे अमराम यांना. त्याचे झाकण माझी चुलतबहीण ईतो हिने तेरा वर्षांपूर्वी उसने नेले. ते तिलाच राहू दे. माझ्याकडून तिला एवढेच. कारण तिला विचारा, सांगणार नाही. म्हणून मीच सांगते.

आर्मांद पलीकडे वाढला, तिथे त्याला हे कोणी शिकवले नसेल, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सोळाव्या वर्षी याह्या एलकैम यांची बायको झाले. मी तेवीस वर्षांची असताना ते कामासाठी अल्जीरियात ओरानला गेले. म्हणाले, "पेसाहच्या सणाआधी येतो." अकरा पेसाह गेले. पत्र नाही, निरोप नाही. नवरा मेल्याची साक्ष नाही आणि त्याच्या हातचा घटस्फोटाचा कागद नाही, अशी बाई आमच्यात बांधलेली असते. दोरी दिसत नाही एवढेच.

त्याच दिवसांत अमराम खालच्या खोलीत राहायला आले. बायको बाळंतपणात गेलेली. मी बटणे घेऊन खाली उतरले की हातातले काम ठेवून उठून उभे राहायचे, जशी मी कोणी मोठी असामी. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या चपलांना आतून मेंढीचे कातडे लावून दिले. मी शनिवारी सखीनाची, रात्रभर शिजवलेल्या कालवणाची, वाटी पाठवली, गहू जास्त आणि अंडे एक. यापलीकडे आमच्यात काही झाले नाही. ईतोने गावभर जे सांगितले ते झाले नाही. व्हावे असे मात्र मला वाटत होते, आणि हे मी आज पहिल्यांदा बोलते आहे.

(इथे रब्बी नसीम लिहायचे थांबले. म्हणाले, "फ्रेहामावशी, हे असलं मृत्युपत्रात नसतं."
मी म्हटले, "माझ्यात असतं. लिहा.")

अकराव्या वर्षी ओरानहून एक माणूस कागद घेऊन आला. याह्या जिवंत होते. तिथे त्यांचे दुसरे घर होते, मुली होत्या, आणि त्यांनी मला मोकळे करायचे ठरवले होते. तेव्हाचे म्हातारे रब्बी, नसीमचे आजोबा, मला बोलावून म्हणाले, "पोरी, कागद तुझ्या ओंजळीत पडला की तू मोकळी. कुणाशीही लग्न कर. पण कोहेनाशी नाही."

मला माहीत होते. अमराम हाकोहेन, म्हणजे कोहेनच; जेरुसलेमच्या मंदिराच्या पुरोहितांचा वंश आहे त्यांचा. दोन हजार वर्षांपूर्वी मंदिर पडले तरी नियम उभे आहेत. कोहेनाला विधवा चालते, सोडलेली चालत नाही. म्हणजे कागद घेतला तर अमराम कायमचे गेले. नाही घेतला आणि याह्या मेले, तर मी विधवा, आणि अमराम माझे. रब्बींनी विचारले, "याह्याची तब्येत कशी आहे तिकडं, काही ऐकलंस?" त्या माणसाने सांगितले होते, छातीचे दुखणे आहे.

मी एक दिवस मागून घेतला. घरी आले तेव्हा अमराम अंगणात चपला शिवत होते. त्यांना सगळे कळले होते. मी म्हटले, "तुम्ही सांगा काय करू."

सुई खाली ठेवून म्हणाले, "नाही घेतलास तर आपण काय करायचं फ्रेहा? रोज सकाळी उठून तो मेला का ते विचारायचं?"

"आणि घेतला तर?"

"तर तू मोकळी होशील. मला ते बघायचं आहे."

दुसऱ्या दिवशी दहा पुरुषांसमोर मी ओंजळ धरली. बारा ओळींचा कागद. तो काखेत धरून चार पावले चालायचे असते. मी चालले. दाराबाहेर रस्त्यावर अमराम उभे होते. त्यांनी मान हलवली आणि दुकानाकडे गेले.

याह्या त्यानंतर एकोणीस वर्षे जगले. म्हणजे कागद घेतला नसता तर तेवढी वर्षे मी एका माणसाच्या मरणाची वाट बघितली असती, तेही पाच मुलींच्या बापाच्या. त्यांतली धाकटी, सिमी, एकदा मला भेटायला आली. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटले, "आधी जेव." चार दिवस राहिली. बाप शेवटपर्यंत माझे नाव घ्यायला लाजायचा, असे म्हणाली.

चार. म्हणून लग्नातली चांदीची दोन कंकणे सिमीला. ती आता मार्सेयला असते, पत्ता ट्रंकेत.

माझ्यासाठी नंतर तीन स्थळे आली. मी नाही म्हटले. अमराम यांनीही दुसरे लग्न केले नाही. त्या कागदानंतरची छत्तीस वर्षेही आम्ही एका अंगणात आहोत. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही असे लिहू नका, नसीम. तक्रार आहे. पण मी कायदा मोडलाही नाही, हेही लिहा.

पाच. माझा श्वास अडकू लागला की अमराम यांना आधी बाहेर पाठवा. कोहेनाने प्रेताबरोबर एका छपराखाली असू नये. ते स्वतःहून उठणार नाहीत. त्यांना हाताला धरून रस्त्यावर न्यायचे आणि फातनाने त्यांच्यापाशी थांबायचे.

सहा. कोहेनाला परक्या माणसाच्या कबरीपाशी जाता येत नाही, आणि कायद्याने मी त्यांना परकी आहे. म्हणून मला आईशेजारी पुरू नका. आई समजून घेईल. मला दफनभूमीच्या उत्तरेच्या भिंतीला अगदी लागून पुरा. भिंतीपलीकडे चेरीच्या बागांचा रस्ता आहे. रस्ता सगळ्यांचा असतो.

हे कलम मी काल अमराम यांना सांगितले.  आज सकाळी ते काठी घेऊन त्या रस्त्यापर्यंत जाऊन आले.

म्हणाले, "उत्तरेची भिंत आहे ती. तिथं गार वारं लागतं. तुझ्या गुडघ्यांना सोसायचं नाही."

मी म्हटले, "मेल्यावर कसले गुडघे?"

मग काठी कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "भिंत कमरेएवढीच आहे. बोललं तर ऐकू जाईल."

एवढेच माझे सांगणे. वाचून दाखवले, बरोबर आहे.

अंगठा : फ्रेहा बिंत मिमून बेन अत्तार

साक्षीदार : शालोम तोबाली, सिनेगॉगचे खजिनदार
साक्षीदार : मखलूफ अस्सूलीन, सार्वजनिक ओव्हनचे मालक

लेखक : रब्बी नसीम एलबाझ

सेफ्रू, मोरोक्को. मंगळवार, १२ सिवान ५७२६, म्हणजे ३१ मे १९६६.

लेखकाची नोंद : अमराम हाकोहेन यांना लाभ मिळत असल्याने साक्षीदार म्हणून घेतलेले नाही. ते जिन्यात बसून होते. अंगठा आणि सह्या झाल्यावर त्यांनी विचारले, "वर यायला हरकत नाही ना?" बाई म्हणाल्या, "आज हरकत नाही, अजून श्वास चालू आहे. या."