आबांची दाढी

बोरिवली, १९८४

प्रिय चंदूदादा,

लकवा झाल्यापासून आबा कुणालाच दाढी करू देत नव्हते. आज मात्र त्यांनी स्वतःच डाव्या हाताने खूण करून रेझर मागितला. मी ब्रशने फेस लावला, पण लुळा गाल त्यांना फुगवता येईना. शेवटी तोंडात बोट घालून मी तो आतून ताणून धरला. आबांनी लाजेने डोळे मिटून घेतले.

"झालं हां आबा," मी म्हटलं.

"चंदू येतोय ना आज," ते अडखळत बोलले. "त्याच्यासमोर असा कसा बसू?"

तुला मस्कतला रजा मिळाली नाही, हे सांगायचा मला धीरच झाला नाही. हे पत्रही धाडवत नाही रे. तिकडे तू तरी काय करणार? आबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे बघत बसलेत.

तुझी,
सुगंधा